यूकेतला हिवाळा, हॉस्पिटल आणि घरचे म्हातारे: तयारी आत्ताच करा

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. सप्टेंबर संपत आलाय म्हणून हा धागा आत्ताच काढतेय, डिसेंबरात काढून काही उपयोग नसतो. मी इंग्लंडमधे एका हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजी-आजोबा बरे होत आले की ते घरी जिना चढतील का, टॉयलेटला एकटे जाऊ शकतील का, चहा करताना भाजून घेणार नाहीत ना हे बघायचं आणि लागेल ती मदत त्यांच्यासाठी मागायची. ऐन तरुणपणी इथे आलेले आपले डॉक्टर-इंजिनियर लोक आता पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत, मुलं दुसऱ्या शहरात, आणि दर हिवाळ्यात वॉर्डात एखादं तरी मराठी कुटुंब भेटतंच.

दर जानेवारीत टीव्हीवर ए अँड ई (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग) बाहेरची ॲम्ब्युलन्सची रांग आणि कॉरिडॉरमधल्या ट्रॉल्या दाखवतात. ९५ टक्के पेशंट चार तासांच्या आत मार्गी लावायचं टार्गेट इंग्लंडने शेवटचं गाठलं ते जुलै २०१५ मधे, त्यानंतर नाहीच. लोकांना वाटतं फ्लू वाढला म्हणून गर्दी झाली. फ्लू वाढतोच, नोरोव्हायरसने अख्खे वॉर्ड बंद पडतात, बर्फावरून घसरून खुबे मोडतात, सगळं खरंय. पण मोरी तुंबलेली असताना सगळ्यांनी नळाकडे बघत बसावं तसं चाललंय. जानेवारी २०२३ मधे काही दिवस असे होते की डॉक्टरांच्या मते हॉस्पिटलची गरज संपलेली साधारण १४ हजार माणसं इंग्लंडभर बेडवरच होती, आणि अशा वॉर्डांतले सगळे बेड मिळून साधारण १ लाख. म्हणजे सातातला एक बेड अडकलेला. वर बेड नाही म्हणून ए अँड ईतून पेशंट वर जात नाही, ए अँड ईत जागा नाही म्हणून ॲम्ब्युलन्स रिकामी होत नाही, आणि ती रिकामी होत नाही म्हणून तुमच्या गल्लीत पडलेल्या आजींकडे कोणी पोचत नाही.

अडकतात कशामुळे, तर घरी सकाळ-संध्याकाळ येणारी केअरर (आंघोळ, कपडे, जेवणाला मदत करणारी) मिळत नाही, किंवा केअर होममधे जागा नाही, किंवा पैसे कोणी द्यायचे ते ठरत नाही. हॉस्पिटल एनएचएसचं म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं, तिथे फुकट. घरची मदत मात्र कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या पालिकेच्या) सोशल केअरची, आणि तिथे तुमची शिल्लक बघतात, २३,२५० पौंडांच्या वर असेल तर इंग्लंडमधे खर्च तुमचा तुम्ही करायचा (घरी मदत घेताना राहतं घर त्यात धरत नाहीत). दोन खिसे, दोन साहेब. २०१५ पासून बेटर केअर फंड म्हणून थोडा पैसा एकत्र ठेवतात, जुलै २०२२ पासून ४२ इंटिग्रेटेड केअर बोर्ड आले, ते हॉस्पिटलं, कौन्सिल, ॲम्ब्युलन्स, जीपी (फॅमिली डॉक्टर) सगळ्यांना एका टेबलावर बसवून हिवाळ्याचा प्लॅन करतात. प्लॅन उन्हाळ्यातच लिहायला घेतात. त्या टेबलावर कुटुंब नसतं, आणि प्लॅन फसतो तो शेवटी कुटुंबाच्या दारातच.

आता आपल्या लोकांबद्दल, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. डिस्चार्जचं बोलणं सुरू झालं की नर्स किंवा आमच्यासारखं कोणी विचारतं, घरी कोण आहे? आणि मुलगा अगदी आदबीने सांगतो, आम्ही आहोत ना, आम्ही बघू. आई पण मान हलवते. कारण परक्यांकडे मदत मागायची नाही, आपलं माणूस आपण सांभाळायचं हे आपल्या हाडात आहे. कागदावर लिहिलं जातं "कुटुंब सगळं बघणार आहे", मदत शून्य. शुक्रवारी आई घरी येते, सोमवारी मुलगा-सून कामावर जातात, दोन दिवसांनी आई बाथरूममधे पडते आणि परत ॲम्ब्युलन्स. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता वॉर्डात मराठी आडनाव दिसलं की मी स्वतः जाऊन बसते आणि विचारते, रात्री २ वाजता टॉयलेटला कोण नेणार? मंगळवारी दुपारी घरी कोण? मग खरं उत्तर येतं.

कृपया "बघू" म्हणू नका. किती वाजता कोण घरी असतं आणि कोण नसतं ते सांगा. तुमच्याकडे काय अनुभव आहेत तेही लिहा.

---

पिंपळपान:

गोदाकाठ ताई, फार गरजेचा धागा. आम्ही रेडिंगला असतो. माझ्या सासूबाईंच्या वेळी नेमकं हेच झालं, नवऱ्याने सांगितलं सगळं मॅनेज करू, आणि नंतर मला नोकरीचे तास कमी करायला लागले. एक विचारायचं होतं, माझे आई-बाबा नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर येतायत, बाबांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. त्यांना काही झालं तर?

---

गोदाकाठ:

पिंपळपान, हे सगळ्यांनी वाचा. व्हिजिटरला ए अँड ईत बघण्याचे पैसे नाहीत, जीपीला दाखवायचेही नाहीत. पण ए अँड ईतून वर वॉर्डात ॲडमिट केलं की तिथून पुढे बिल, आणि ते एनएचएसच्या दराच्या दीडपट. आठवडाभर न्यूमोनियाने पडून राहिले तर आकडा हजारांत जातो. कौन्सिलच्या केअरवर त्यांचा हक्क धरू नका, व्हिसावर सरकारी मदत घेता येणार नाही अशी अट असते. त्यामुळे ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना सीओपीडी लपवू नका, थोडा महाग पडला तरी आधीचा आजार कव्हर करणाराच घ्या, लपवलं तर क्लेम नाकारतात. फ्लूची लस भारतातूनच घेऊन या म्हणावं. आणि शक्य असेल तर मला वाटतं अशा तब्येतीच्या माणसाने इथे जानेवारीत येऊच नये, एप्रिल-मेमधे बोलवा.

---

साधामाणूस:

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हॉस्पिटलवाल्यांना फक्त बेड रिकामा करायचा असतो. माझ्या वडिलांना डिसेंबरात रात्री उशिरा ट्रान्सपोर्टने घरी आणून सोडलं, औषधांची पिशवी नव्हती, वॉकर नव्हता, मला फोन पण केला नव्हता. आणि आता तुम्ही म्हणताय अडकलेले बेड मोकळे करा. म्हणजे आम्ही म्हाताऱ्यांना घाईने घरी आणायचं का सरकारचे आकडे सुधारावेत म्हणून?

---

गोदाकाठ:

साधामाणूस दादा, राग का मानू, तुमच्या वडिलांचं जे झालं ते चूकच होतं. ख्रिसमसच्या आधी चार-पाच दिवस आमच्यावर दबाव असतो हे खरं आहे, सकाळ-दुपार मीटिंग होतात, आज कोण जाऊ शकतं, उद्या कोण. पण तरी मी म्हणेन गरज संपल्यावर हॉस्पिटलात थांबणं म्हाताऱ्या माणसाला घातक असतं, आणि हे आकड्यांसाठी म्हणत नाहीये. बेडवर पडून पायातली ताकद भराभर जाते, चालत आलेली माणसं दोन आठवड्यांत उभी राहू शकत नाहीत. शेजारच्या बेडचं इन्फेक्शन लागतं. रात्रीचे दिवे, अनोळखी आवाज, त्याने डिलिरियम होतो, माणूस अचानक भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो. म्हणून तर वॉर्डात दिवसा नाईट ड्रेस काढून स्वतःचे कपडे घाला, खुर्चीत बसा असं मागे लागतो आम्ही.

घाईने पाठवलं तर काय करायचं ते सांगते. २०२२ च्या कायद्यानुसार हॉस्पिटलने डिस्चार्जचं ठरवताना पेशंट आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शक्य तितक्या लवकर सामील करून घ्यायचं असतं. ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारा, डिस्चार्ज कोऑर्डिनेटर कोण, अंदाजे तारीख काय, कुठला पाथवे. पाथवे झिरो म्हणजे मदतीशिवाय घरी, एक म्हणजे घरी पण केअरर किंवा थेरपीची मदत, दोन म्हणजे काही दिवस रिहॅबच्या बेडवर, तीन म्हणजे केअर होम. तुम्हाला एक हवा असताना झिरो लिहिलं असेल तर तिथेच बोला, "मला हा डिस्चार्ज सुरक्षित वाटत नाही, तसं नोट्समधे लिहा" एवढं शांतपणे म्हणा. त्याने फरक पडतो. नाही पडला तर वॉर्ड मॅनेजर, मग पॅल्स (पेशंट आणि घरच्यांच्या तक्रारी ऐकणारं हॉस्पिटलचं ऑफिस).

---

साधामाणूस:

हे कोणीच सांगितलं नव्हतं आम्हाला. धन्यवाद.

---

क्लाईडकाठी:

ग्लासगोहून. आमच्याकडे स्कॉटलंडात दोन खिसे एकत्र करायचा कायदा २०१४ सालीच झाला, हेल्थ आणि सोशल केअरचं बजेट ३१ स्थानिक संस्थांकडे एकत्र आहे. शिवाय ६५ च्या वरच्यांना २००२ पासून पर्सनल केअर फुकट, म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण भरवणं वगैरे, शिल्लक किती ते बघत नाहीत. ऐकायला स्वर्ग. पण अलीकडच्या वर्षांत आमच्याकडेही रोज २ हजारांच्या आसपास माणसं डिस्चार्जसाठी खोळंबून असतात, आणि आमची लोकसंख्या ५५ लाख, त्या मानाने इंग्लंडपेक्षा फार बरं नाहीच. असेसमेंट होऊन मंजुरी मिळते आणि मग वाट बघा कारण केअररच नाहीत, बेटांवर आणि हायलँडमधे तर विचारूच नका. त्यामुळे बजेट एकत्र केलं की प्रश्न सुटेल असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही, माणसं लागतात, आणि माणसांना पगार लागतो.

---

नांदेडचा_बाळू:

वरच्या प्रतिसादाला +१. मी केअरर आहे, घरोघरी जाणारा, म्हणून लिहितो. २०२२ च्या फेब्रुवारीत केअररला व्हिसा द्यायला लागले तेव्हा आम्ही आलो. मार्च २०२४ पासून नवीन येणाऱ्याला बायकापोरं आणता येत नाहीत, आणि जुलै २०२५ पासून बाहेरून नवीन केअरर आणणंच बंद केलं. मग हिवाळ्यात माणसं कुठून येणार ते मला कोणी समजावून सांगा. पहिल्या कंपनीचं नाव घेत नाही, पण तिने दोन घरांच्या मधल्या प्रवासाचे पैसे कधी दिले नाहीत. सकाळी ६ ला निघायचं, काचेवरचा बर्फ खरवडायचा, पहिल्या घरी अर्धा तास, त्यात आजोबांना उठवायचं, डायपर बदलायचा, आंघोळ, गोळ्या, नाश्ता, आणि ॲपवर लॉगआउट. त्यांना बोलायचं असतं हो, आपण दाराकडे सरकत असतो, लई वाईट वाटतं. हॉइस्टवाला (यंत्राने उचलावा लागणारा) पेशंट असला की दोघं लागतात, एक जण फ्लूने आजारी पडला की दोघांचा कॉल रद्द, मग त्या घरी कोण जाणार, कोणी नाही.

एक कामाची गोष्ट सांगतो जी लोकांना माहीत नसते. तुमच्या माणसाला आधीपासून केअर चालू असेल आणि तो ॲडमिट झाला, तर एजन्सी त्याची वेळ काही दिवसच राखून ठेवते, किती दिवस ते कौन्सिल कौन्सिलवर आहे. मग ती वेळ दुसऱ्याला जाते, आणि डिस्चार्जच्या वेळी सगळं पहिल्यापासून. म्हणून ॲडमिट झाल्या झाल्या एजन्सी आणि सोशल वर्कर दोघांना फोन करा, डिस्चार्जची तारीख कळली की परत फोन करा. हॉस्पिटल कळवेल या भरवशावर राहू नका.

---

पिंपळपान:

बाळू दादा, हे वाचून गळा दाटून आला. सासूबाईंकडे येणारी मुलगी पण अशीच घाईत असायची, आम्ही तिच्याशी नीट बोलत तरी होतो का असं वाटलं. चहासुद्धा घ्यायला वेळ नसायचा तिला.

---

गोळ्यावाटप:

फार्मासिस्ट आहे, लेस्टर. माझ्याकडून थोडं.

मोठ्यांची फ्लूची लस १ ऑक्टोबरपासून, ६५ च्या वर फुकट, डायबेटिस-दमा-हार्ट असेल तर त्याच्या आधीच्या वयातही फुकट, आणि घरी म्हाताऱ्या माणसाची काळजी घेणारे तुम्ही स्वतः असाल तर तुम्हालाही मिळू शकते, विचारा. असर यायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे दिवाळीच्या आसपास उरकून टाका. ७५ पूर्ण झालेल्यांनी आरएसव्ही (छातीत इन्फेक्शन करणारा एक विषाणू) च्या लशीबद्दल विचारा, २०२४ च्या सप्टेंबरपासून सुरू झालीय, एकदाच घ्यायची, आपल्या लोकांना नावच माहीत नसतं.

जीपीची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून ए अँड ईत जाऊन बसणारे खूप. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमधे फार्मसी फर्स्ट आहे, सायनस, घसा, लहान मुलांचा कान, नागीण, बायकांचं साधं युरिन इन्फेक्शन, किडा चावून पिकलेलं, इम्पेटिगो (त्वचेवर फोड-खपल्या येणारं इन्फेक्शन), या सातांसाठी गरज असेल तर आम्ही थेट औषध देऊ शकतो. युरिन इन्फेक्शनला ६४ पर्यंतच्या वयाची अट आहे, आजींना जीपीच लागेल, आणि म्हाताऱ्या माणसात अचानक गोंधळलेपणा आला तर दुखलंखुपलं नसलं तरी दाखवाच.

सगळ्यात महत्त्वाचं, रिपीट प्रिस्क्रिप्शन १५ डिसेंबरच्या आत मागवा. दर वर्षी २४ तारखेला संध्याकाळी कोणीतरी रक्त पातळ करायच्या गोळ्या संपल्या म्हणून रडकुंडीला आलेलं असतं. संपल्याच तर एनएचएसच्या १११ नंबरला फोन करा, ते जवळच्या उघड्या फार्मसीतून सोय करतात. अवांतर: व्हिटॅमिन डी १० मायक्रोग्रॅम रोज, आपल्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर घ्यावं असा सरकारी सल्लाच आहे.

---

शेवंती:

मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. पण इथे लिहावंसं वाटलं. माझ्या आईला डिमेन्शिया आहे. पस्तीस-चाळीस वर्षं इथे काढली, शाळेत नोकरी केली, उत्तम इंग्रजी होतं, ते सगळं गेलं, आता फक्त मराठी उरलंय, तेही तिच्या लहानपणीचं, कोल्हापूरकडचं. मागच्या हिवाळ्यात ॲडमिट होती. चार्टवर लिहिलं होतं "जेवण नाकारते". ती नाकारत नव्हती, तिला मांसाचा वास येत होता आणि ती "हे मला चालत नाही गं" असं नर्सला सांगत होती. रात्री ओरडते म्हणून झोपेचं औषध द्यायचा विचार चालला होता, ती शी लागली म्हणून हाका मारत होती.

मग मी एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजी लिपीत लिहून बेडच्या वर चिकटवलं, पाणी म्हणजे काय, शी म्हणजे काय, दुखतंय, थंडी वाजतेय, घरी जायचंय. शेवटच्या ओळीत लिहिलं की ती घरी जायचंय म्हणाली की तिचा हात धरा, एवढंच. त्या फिलिपिनो नर्सने ते शब्द पाठ केले. दोन दिवसांत आई जेवायला लागली. अल्झायमर सोसायटीचं "धिस इज मी" नावाचं छापील पत्रक मिळतं, त्यात माणसाच्या सवयी, आवडीनिवडी, कशाने घाबरतं ते सगळं लिहायचं असतं. ते आत्ताच भरून घरी दाराजवळच्या पिशवीत ठेवा. ॲम्ब्युलन्स आल्यावर सुचत नाही काही.

---

गोदाकाठ:

शेवंती, तुम्ही लिहिलंत फार बरं केलंत. तो कागद प्रत्येकाने करावा. आणि एक जोडते, दुभाषा मागायचा तुमच्या आईला हक्क आहे, फोनवरून मराठी दुभाषा मिळू शकतो. महत्त्वाचे निर्णय, म्हणजे घरी जायचं का केअर होममधे, ऑपरेशन, हे घरच्यांनीच भाषांतर करून उरकू नये, कारण आपण आपल्या मनासारखं सांगतो आणि आईचं राहून जातं.

---

साधामाणूस:

हीटिंगबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आपले म्हातारे बिल वाढेल म्हणून हीटिंग बंद करून शाल-स्वेटर घालून एका खोलीत बसतात. माझे वडील तेच करायचे. ज्या खोलीत बसता-झोपता तिथे निदान १८ डिग्री लागतं, थंडीने रक्त घट्ट होतं, बीपी वाढतं, छातीत कफ धरतो. विंटर फ्युएल पेमेंट (हीटिंगसाठी पेन्शनरांना मिळणारे सरकारी पैसे) २०२४ ला बऱ्याच जणांचं बंद केलं होतं, २०२५ पासून ३५ हजार पौंडांच्या आत उत्पन्न असलेल्या पेन्शनरांना परत मिळतं. पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांचा भत्ता) मिळत असेल तर कडाक्याच्या थंडीच्या दर सलग ७ दिवसांना २५ पौंड वेगळे मिळतात. आणि वीज-गॅस कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर नाव घाला, ऑक्सिजनचं मशीन किंवा हॉइस्ट असेल तर नक्कीच, लाईट गेली तर त्यांना आधी विचारतात. फुकट आहे.

---

क्लाईडकाठी:

एक सुचवू का, आपल्या मंडळांनी यात काही करावं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, बाकी गावोगावी छोटी मंडळं आहेत, गणपती-दिवाळीला दोनशे-तीनशे माणूस जमतो. दिवाळीच्या कार्यक्रमात एक टेबल लावायचं, लशीची माहिती, शेवंतींसारखा मराठी शब्दांचा कागद छापून वाटायचा, आणि २४ डिसेंबर ते २ जानेवारी कोण कोणाला रोज एक फोन करणार याची यादी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नावं मंडळाकडे असतातच. याला पैसे लागत नाहीत.

---

गोदाकाठ:

क्लाईडकाठी, अगदी. आणि मंडळांनी अजून एक करावं. इंटिग्रेटेड केअर बोर्डाच्या आणि कौन्सिलच्या हेल्थ अँड वेलबीइंग बोर्डाच्या मीटिंगा लोकांना बघायला खुल्या असतात, कागद वेबसाइटवर असतात, हिवाळ्याचा प्लॅन त्यातच येतो. मी आमच्या भागाचा दरवर्षी वाचते. बेड किती वाढवणार, घरच्या घरी वॉर्डसारखं लक्ष ठेवायची सोय किती जणांसाठी, ॲम्ब्युलन्स ४५ मिनिटांत मोकळी करायची, हे सगळं असतं. घरची केअर किती तास वाढवणार हा आकडा शोधायला लागतो, कधी कधी नसतोच. तो प्रश्न लेखी विचारा. एका मंडळाच्या नावाने पत्र गेलं तर उत्तर टाळणं अवघड जातं. आपण या देशाला डॉक्टर-नर्स दिल्या, प्रश्न विचारताना मात्र गप्प बसतो हे मला पटत नाही.

---

पिंपळपान:

ताई, सासूबाई आता ८१, आमच्याकडेच असतात, सध्या ठीक आहेत पण चालताना भिंत धरतात. ॲडमिट व्हायची वाट न बघता आत्ता काही मागता येतं का? त्यांची शिल्लक बहुतेक २३ हजारांच्या वर आहे.

---

गोदाकाठ:

येतं. कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअरला फोन करा आणि दोन गोष्टी मागा, त्यांची केअर नीड्स असेसमेंट आणि तुमची स्वतःची केअरर्स असेसमेंट, दोन्ही केअर ॲक्ट २०१४ खाली हक्काच्या आहेत, शिल्लक कितीही असो असेसमेंट नाकारता येत नाही. भिंत धरतात म्हणजे बाथरूममधे दांडी, कमोडची उंची, जिन्याला दुसरा कठडा हे बघायला माझ्यासारखं कोणीतरी घरी येईल, आणि १ हजार पौंडांच्या आतल्या अशा छोट्या वस्तू इंग्लंडमधे शिल्लक न बघता फुकट मिळतात. अटेंडन्स अलाउन्स (मदत लागणाऱ्या ज्येष्ठांचा सरकारी भत्ता) चा फॉर्म पण भरा, त्याला शिल्लक बघत नाहीत. फॉर्ममधे चांगल्या दिवसाचं वर्णन करू नका, वाईट दिवसाचं करा, आणि "आम्ही बघतो" लिहू नका.

---

नांदेडचा_बाळू:

आणि की-सेफ (किल्ली ठेवायचा नंबरचा डबा) लावून घ्या बाहेर भिंतीवर, आजी एकट्या असताना पडल्या तर दार कोण उघडणार. नंबर एजन्सीला द्या, इमर्जन्सी बटणवाल्या कंपनीला द्या, ॲम्ब्युलन्सला फोन करताना सांगा. मागच्या जानेवारीत एका घरी आजोबा आत पडलेले दिसत होते खिडकीतून आणि आम्ही पोलिस येईपर्यंत बाहेर उभे होतो. साधा डबा असतो नंबर फिरवायचा, मात्र पोलिसांनी मान्यता दिलेला बघून घ्या, स्वस्तातला लगेच फुटतो.